मदत हवी आहे: एमए सायकॉलॉजीचं डेझर्टेशन आणि पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न

नमस्कार मंडळी,

एमए सायकॉलॉजीच्या शेवटच्या सेमला आहे, पुण्यात. डेझर्टेशनचा विषय स्पर्धा परीक्षावाल्या मुलामुलींमधलं डिप्रेशन आणि सोशल सपोर्ट. सॅम्पल सदाशिव पेठ-नवी पेठेतल्या अभ्यासिकांमधून, मालकांची परवानगी मिळालीय (एकाची अट आहे की जेवणाच्या सुट्टीतच यायचं, एरवी पोरं खुर्ची सोडत नाहीत).

टूल पीएचक्यू-९ (डिप्रेशन मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) घेतलं कारण फुकट आहे, परवानगी लागत नाही, मराठी भाषांतर तयार मिळतं. बीडीआय (डिप्रेशनचीच दुसरी प्रश्नावली) विकत घ्यावं लागतं, आपल्या खिशाला झेपत नाही. इथवर सगळं सुरळीत.

परवा पायलट (मेन डेटाआधीची छोटी चाचणी) केला. फॉर्मवर नाव-फोन काही नाही, गाइडचं म्हणणं नाव मागितलं की मुलं खरं लिहीत नाहीत, आणि ते मलाही पटतं. रूमवर येऊन एक्सेलमध्ये भरायला बसले तर एका फॉर्मवर नवव्या प्रश्नाला, म्हणजे 'मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार' वाल्या प्रश्नाला, 'जवळपास रोज'वर टिक, म्हणजे ३ गुण. आधी 'काही दिवस'ला केलेली, ती खोडून शेवटच्या चौकटीत परत नीट केलीय. टोटल २७ पैकी १९. फॉर्म कुणाचा ते कळायला मार्गच नाही.

गाइड म्हणाले हे स्क्रीनिंग आहे, डायग्नोसिस नाही, एन्ट्री कर आणि पुढे चल. मुद्दा म्हणून बरोबर असेल पण मला त्या रकान्यात ३ टाईप करून पुढची ओळ घेणं जमेना. मेन डेटा अजून घ्यायचाय, तेव्हा असं परत होणारच. नावं घ्यायची का? प्रश्नच काढून टाकू का? आणि या एका फॉर्मचं काय करू? कुणी असं काम केलंय का?

चिंचगूळ: पीएचक्यू-८ बघ. तेच स्केल, फक्त नववा प्रश्न नाही, टोटल २४, कटऑफ तोच १० (तेवढे किंवा जास्त आले की डिप्रेशनची शक्यता धरतात). जिथे उत्तर वाचून लगेच काही करणं शक्य नसतं अशा सर्व्हेत सर्रास वापरतात. गाइडला सांगायला सोपं आणि व्हायव्हातही कुणी अडवणार नाही.

रातराणी_क्लिनिकल: ताई, एन्ट्री करताना हात थांबला हे चांगलंच आहे. मी हॉस्पिटलमध्ये काम करते म्हणून दोन गोष्टी सांगते. त्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत, मरण आलं तर बरं वाटणं वेगळं आणि स्वतःला इजा करायचं मनात येणं वेगळं, त्यामुळे नुसत्या टिकवरून धोका किती ते ठरत नाही, समोर बसून विचारावंच लागतं. आणि विचारलं म्हणून कुणाच्या डोक्यात नवीन विचार जात नाही, ही भीती काढून टाका. नववा प्रश्न ठेवायचा असेल तर फॉर्मवर कोड नंबर, नाव-फोनची यादी वेगळी आणि कुलपात, आणि संमतीपत्रात स्पष्ट लिहायचं की जिवाला धोका वाटला तर आम्ही संपर्क करू. फॉर्म त्याच दिवशी तपासायचे आणि फोन कोण करणार ते आधी ठरलेलं हवं, तो माणूस तुम्ही एकट्या नव्हे. हे सगळं एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्या. एवढी सोय होत नसेल तर चिंचगूळ म्हणतायत तेच करा, पीएचक्यू-८.

चिंचगूळ: +१. आणि कमिटीच नसली कॉलेजात तर? बऱ्याच ठिकाणी नसते.

रातराणी_क्लिनिकल: तर मग सरळ ८.

पेठेतला_माजी: मी यातनंच गेलोय, एमपीएससीच्या नादात बरीच वर्षं काढली. टेबलावर शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लावून हा फॉर्म भरायला दिला असता तर सगळीकडे 'अजिबात नाही' मारून मोकळा झालो असतो. त्या पोराने खोडून परत खरं लिहिलं म्हणजे कुणीतरी वाचावं असं त्याला वाटत असणार (पोरगीही असेल). परत जा त्या अभ्यासिकेत. कुणाला हुडकत बसू नको, पायलटवाल्या सगळ्यांना एकत्र सांग.

रातराणी_क्लिनिकल: बरोबर, आणि यात उशीर नको, उद्याच जा. सगळ्यांना एकसारखा कागद द्यायचा म्हणजे कुणी वेगळं पडत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लिहा, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. सोबत कॉलेजच्या काउन्सेलरना न्या, कागदापेक्षा समोरचं माणूस बरं.

मूळ धागाकर्ती: सगळ्यांचे खूप आभार. काउन्सेलर मॅडमना आत्ताच फोन केला, उद्या जेवणाच्या सुट्टीत येतायत, गाइडनाही मेसेज टाकलाय. मालकांनी दारावरच्या पाण्याच्या जारशेजारी १४४१६ चा कागद लावायला हो म्हटलंय. कमिटी आमच्याकडे नाही, त्यामुळे मेन डेटाला पीएचक्यू-८, फॉर्म एकेकाला बाहेरच्या पॅसेजमध्ये. आता पायलटची ९ वाली आकडेवारी डेझर्टेशनमध्ये दाखवायची की वगळायची, ते कुणी सांगेल का?

चिंचगूळ: पायलट मेन सॅम्पलमध्ये मिसळू नकोस. टूल का बदललं ते मेथडॉलॉजीत दोन ओळीत लिही, बास.