शॉर्ट टर्म रेंटलचं पेड कोचिंग घ्यावं का? घर स्वतःचं नाहीये

रिकामी_खोली
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. गेले दोन महिने एअरबीएनबीवर (पाहुण्यांना थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने द्यायची वेबसाइट) घर चालवायचं डोक्यात आहे. माझ्याकडे स्वतःचं घर नाही, म्हणून ते आर्बिट्राज म्हणतात तसं करायचा विचार, म्हणजे लांब मुदतीच्या भाड्याने घर घ्यायचं आणि मालकाला विचारून रात्रीच्या हिशोबाने पाहुण्यांना द्यायचं. परवा एक फुकट वेबिनार बघितला, दीड तासातला सव्वा तास त्या माणसाचीच गोष्ट होती की नोकरी कशी सोडली आणि आता किती घरं चालवतो, आणि शेवटी बारा आठवड्यांचं कोचिंग. फी माझ्या जवळजवळ तीन महिन्यांच्या पगाराएवढी आहे. म्हणतात पहिल्या घरातच वसूल होते. खाली टायमर चालू होता, आज रात्रीपर्यंत भरले तर निम्म्यात. कोणी असलं काही केलंय का? खरंच शिकवतात का यूट्यूबवरचंच परत सांगतात? नवऱ्याचं म्हणणं आहे की तेवढ्या पैशात एका घराचं डिपॉझिट होईल.

चावी_पायपुसण्याखाली
नवरा बरोबर बोलतोय. चार वर्षं हे करतोय, दोन घरं आहेत, दोन्ही भाड्याची. आधी एक हिशोब कर, कागदावर, कोचिंगचं नंतर बघू.

महिन्याचं भाडं १०० धर. रात्रीचा दर ९. महिन्यात १८ रात्री भरल्या (नवीन लिस्टिंगला, म्हणजे साइटवर नव्याने टाकलेल्या घराला, हे चांगलंच म्हणायचं) तर १६२ आले. त्यातून प्लॅटफॉर्मचे १५ टक्क्यांच्या आसपास गेले की उरले १३८. भाडं दिलं, राहिले ३८. आता वीज, नेट, चादरी टॉवेल धुणं, साबण, मोडतोड, मधेच गीझर बंद पडतो त्याचं, सगळं मिळून २५ धर. हातात १३. आणि तेच १८ च्या जागी १२ रात्री भरल्या तर १०८ येतात, कमिशन जाऊन ९२ पण राहत नाहीत, म्हणजे भाडंच निघत नाही, बाकीचं तर सोडच. फायदा आणि तोटा यात फक्त सहा रात्री. फर्निचर मी धरलेलंच नाही हां.

वेबिनारमध्ये जो कमाईचा स्क्रीनशॉट दाखवतात ना तो त्या १६२ चा असतो. १३ चा स्क्रीनशॉट कोणी लावत नाही.

उशीची_खोळ
मी भरलेत पैसे. इथे सगळे कोचिंग म्हणजे फसवणूक असंच लिहितात म्हणून मुद्दाम लिहितेय, माझं अगदीच वाया नाही गेलं. व्हिडिओ मॉड्यूल बेकार होते, प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या होस्टसाठीच्या मदत पानांवर जे फुकट आहे तेच गोड आवाजात. पण दर आठवड्याला एक कॉल असायचा आणि त्यात माझी लिस्टिंग उघडून चुका काढायचे, ते कामाचं होतं. उदाहरणार्थ पाचपैकी चार स्टार मिळाले की मी खूश व्हायचे. मग कळलं सुपरहोस्टला (चांगल्या यजमानांना एअरबीएनबी देते तो बिल्ला) सरासरी ४.८ लागते, म्हणजे चार जणांनी पाच दिले आणि एकाने चार, की तू काठावर. आणि पाहुण्याने काही फोडलं तर चेकआउटपासून १४ दिवसांत क्लेम टाकायचा, फोटो बिल सगळ्यासकट. मी एकदा विसाव्या दिवशी जागी झाले होते. हे सगळं लिहिलेलं असतंच, पण वाचतं कोण.

राग एकाच गोष्टीचा, ग्रुपमध्ये कोणी "माझं घर भरत नाहीये" लिहिलं की पोस्ट गायब, आणि "माइंडसेट मॉड्यूल परत बघा" म्हणून मेसेज. शिवाय बारा आठवडे संपले की पुढची पायरी, मास्टरमाइंड की काय, आणखी दुप्पट. तिथून मी निघाले.

चावी_पायपुसण्याखाली
@उशीची_खोळ मान्य, लिस्टिंग तपासून घेण्याला किंमत आहे. पण ते काम एखाद्या अनुभवी होस्टला दोन तासाचे पैसे देऊन पण होतं ना, बारा आठवडे कशाला.

दहा_ते_सहा
नियमांचं कोणीच बोललं नाही. कोचच्या शहरात चालतं ते तुझ्याकडे चालेलच असं नाही. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून नियम कडक राबवायला घेतले, ३० दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर नोंदणी पाहिजे आणि यजमान स्वतः त्याच घरात राहत असला पाहिजे. आर्बिट्राजवाल्यांचा तिथला धंदाच बसला. बार्सिलोनाने तर २०२८ पर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटचे सगळे परवाने बंद करायचं ठरवलंय. लंडनमध्ये वेगळी परवानगी नसेल तर अख्खं घर वर्षात ९० रात्रीच देता येतं. तुझ्या ठिकाणी काय आहे ते स्थानिक कार्यालयात जाऊन विचार, कोचला नको. भाडेकरारात पोटभाडेकरूचं कलम पण बघ, मालक तोंडी हो म्हणतो आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली की विसरतो. लेखीच घे.

आणि हे मॉडेल मोठ्यांना पण झेपलेलं नाही. सॉन्डर नावाची कंपनी हेच करायची, लांब मुदतीने जागा भाड्याने घेऊन रात्रीवर द्यायची, मॅरियट या हॉटेल कंपनीशी करार होता, तो नोव्हेंबर २०२५ मध्ये तुटला आणि एक दोन दिवसांत कंपनीने गाशा गुंडाळला. राहत असलेल्या पाहुण्यांना बॅगा भरायला लावल्या. भाडं दर महिन्याला ठरलेलं, पाहुण्यांचं काही ठरलेलं नाही, दुखणं ते आहे.

मधली_बेल
टायमर उद्या परत चालू होईल बघ 😄

उशीची_खोळ
एक सुचवू का, भाड्याने घर घ्यायच्या आधी कोणाचं तरी चालवून बघ. को-होस्ट म्हणून. मालकाचं घर, मेसेज सफाई किल्ली तू बघायचं आणि बुकिंगमधला ठरलेला हिस्सा घ्यायचा. रात्री दीड वाजता "कुलूप उघडत नाहीये" असा फोन आला की हे काम आपलं आहे का ते कळतं. मला बारा आठवड्यात जे नाही कळलं ते पहिल्या लागून आलेल्या सुट्टीत कळलं, सफाईवाली आली नाही आणि दोन तासांत पुढचे पाहुणे दारात.

रिकामी_खोली
सगळ्यांचे आभार, खरंच. आधी ते टायमरचं सांगते, पेज नवऱ्याच्या फोनवर उघडलं तर तिथे अजून २३ तास ५९ मिनिटं, माझ्याकडे तेव्हा चाळीस मिनिटं राहिलेली. हसू पण आलं आणि जरा लाज पण वाटली कारण कार्ड काढून ठेवलं होतं.

त्यांच्या माणसाला मेसेज करून विचारलं की शिकलेल्यांपैकी किती जणांचं घर वर्षभरानंतर चालू आहे आणि खर्च जाऊन किती उरतं. उत्तर आलं की असे प्रश्न विचारणारे लोक कधी सुरुवातच करत नाहीत. रिफंडचं विचारलं तर पहिलं मॉड्यूल उघडलं की नाही.

ओळखीतल्या एका काकूंची वरची खोली रिकामी असते, त्यांना को-होस्टिंगचं विचारलंय, त्या म्हणतात आधी परवानगीचं बघ मग बोलू. @चावी_पायपुसण्याखाली तुमचा तो हिशोब शीटमध्ये टाकलाय, पण चादरींचे किती सेट धरायचे एका बेडला?

चावी_पायपुसण्याखाली
तीन. एक बेडवर, एक धुण्यात, एक कपाटात. आणि सगळे पांढरेच घे, डाग पडला तर ब्लीच तरी करता येतं.