'घटीत घट' कशी लिहायची?

कुंपणावरची: मूत्रपिंडाच्या एका औषधाच्या चाचणीचा सारांश रुग्णांसाठी मराठीत करतेय. गाळण्याची क्षमता वर्षागणिक कमी होत होती. औषधानं ते कमी होणं मंदावलं. माझं वाक्य झालं, 'क्षमतेतील घटीच्या वेगात घट आढळली.' आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "म्हणजे औषधानं वाट लागली?" सुचवा काहीतरी.

जुनी पेटी: पहिल्या घटीचा 'ऱ्हास' करा. 'ऱ्हासाचा वेग मंदावला.' मिटलं.

चष्मिष्ट: कसलं मिटलं! चाळिशीनंतर धडधाकट माणसाचीही ही क्षमता वर्षाला मिनिटामागे साधारण १ मिलिलिटरनं उतरते. त्याला ऱ्हास? ऱ्हास साम्राज्यांचा होतो.

जुनी पेटी: ऱ्हास आणि ऱ्हस्व एकाच धातूतले. आखूड होणं, एवढंच. साम्राज्यं मागाहून आली.

अर्धा डॉक्टर: 'क्षय' तेवढा नको. मावशीच्या हाडांची घनता तपासली, टी-स्कोअर (घनतेचा आकडा) उणे २.७ आला, म्हणजे हाडं ठिसूळ. घरातल्या एका भाषाप्रेमीनं तिला 'अस्थिक्षय' असं समजावलं. मावशी दोन दिवस तोंडाला पदर लावून वेगळ्या खोलीत!

जुनी पेटी: मग दंतक्षय म्हणताना कोण खोकतं? शब्दाला एका जंतूच्या दावणीला बांधू नका.

माजघर: नामं शोधताय म्हणून अडताय. ताप उतरतो, सूज ओसरते, नाडी मंदावते, हाडं झिजतात, केस विरळ होतात, नजर अधू होते. प्रत्येकाला आपलं क्रियापद आहे. 'घट' हा अहवालातला शब्द, सगळ्यांना एकच सदरा. सरळ लिहा: 'मूत्रपिंडं पूर्वीपेक्षा सावकाश थकत गेली.'

चष्मिष्ट: 'थकत' मोजायचं कशानं? पण प्रत्ययाकडेही बघा. एका पत्रकात 'प्लेटलेट ३० टक्क्यांवर घटल्या' छापलं होतं. मुळात होतं ३० टक्क्यांनी. २ लाखांचे १ लाख ४० हजार उरले की ६० हजार? एका 'वर'नं झोप उडते.

अर्धा डॉक्टर: आणि आजाराला 'उतार' पडला की आपण पेढे वाटायच्या बेतात, क्षमतेला उतार लागला की रडकुंडीला. शब्द तोच.

कुंपणावरची: 'क्षमता कमी होतच राहिली, पण पूर्वीपेक्षा हळू' असं करतेय. आईला कळलं. आता पुढचा परिच्छेद: इन्सुलिन सतत जास्त राहिलं की पेशीवरचे ग्राही (इन्सुलिनचा निरोप पकडणारी प्रथिनं) 'घटतात'. ते झिजत नाहीत, ओसरत नाहीत. पेशीच त्यांतले बरेच आत ओढून घेते. याला माजघरात काय म्हणतात?

जुनी पेटी: त्याआधी एक. वर कुणीतरी ऱ्हास लिहिताना 'र'चा अर्धचंद्र विसरलंय का, की माझ्याच फोनवर 'र्हास' दिसतंय?

चष्मिष्ट: फोन बदला.