भंडारदऱ्याला तंबूत मुक्काम: ३ आणि ६ वर्षांची मुलं, डिसेंबर

प्रश्न: धरणाच्या काठी एक रात्र राहायचंय. चौघांचा तंबू आहे. मुलांना थंडी बाधू नये म्हणून काय करावं?

प्रतिसाद १: झोपल्यावर अंगातली बरीच ऊब खालच्या थंड जमिनीत जाते. तंबूखाली ताडपत्री, आत फोमची मॅट, वर घोंगडी. ताडपत्रीच्या कडा तंबूबाहेर डोकावू देऊ नका, दव ओघळून तळाखाली साचतं. मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगेत लहान मूल लवकर ऊब धरत नाही. पायाकडचा रिकामा भाग दुमडून बांधा. घामाचे कपडे झोपण्याआधी बदला, बनियनसुद्धा.

प्रतिसाद २: अगदी पाण्यालगत तंबू नको. थंड हवा खोलगट जागी साचते, आणि अंधारात मूल पाण्याकडे गेलेलं कळतही नाही.

प्रतिसाद ३: तंबूत शेगडी किंवा निखारे कृपया नेऊ नका, विझत आलेलेसुद्धा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो. जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ थेंब होऊन अंथरुणावर पडते. उबेसाठी घट्ट झाकणाच्या बाटलीत कोमटाहून जरा गरम पाणी, मोज्यात घालून पायाशी. सकाळी बूट झटकूनच घाला; विंचू असू शकतो.