२० मार्चचा प्रयोग: एक सावली नाशिकची, एक लंडनची

लंडनहून, मंडळाच्या शिक्षण गटातून

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या शाळेला तयार प्रयोगपेट्या पाठवायचा विचार चालू आहे. माझं मत सांगते. भिंगं, चुंबकं, तारा, बॅटऱ्या नाशकातल्या बाजारात मिळतात, त्याही स्वस्तात. आपण खरोखर देऊ शकतो ते आपलं इतकं लांब असणं. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर, लंडन साडेएकावन्नवर. दोन्हीकडच्या मुलांनी एकाच दिवशी मध्यान्हीची सावली मोजली आणि तिच्यावरून सूर्य डोक्यावरून किती अंश कललाय ते काढलं, की दोन कोनांतल्या फरकावरून आणि दोन्हीकडच्या दक्षिणोत्तर अंतरावरून पृथ्वीचा परीघ काढता येतो. ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये वापरलेली हीच रीत.

नाशिक-पुणे अशी जोडी का नको? त्यांच्या अक्षांशांत फरक जेमतेम दीड अंशाचा. दोन्हीकडे अर्धा-अर्धा अंश चुकला तर दीडातला एक अंश गेला, उत्तराला काही अर्थच उरला नाही. तोच एक अंश साडेएकतीसमधून गेला तर चूक तीन टक्के.

सातवी-आठवीच्या मुलांसाठी हे जमेल का? मॅडम, तुम्हीच सांगा.

---

नाशिकहून, विज्ञान शिक्षिका

ताई, जमेल, आणि मार्चच बरा. जूनमध्ये आमच्याकडे पावसाचे ढग असतात. डिसेंबरच्या अखेरीस तुमच्याकडे सूर्य इतका खाली असतो की मीटरभर काठीची सावली पावणेचार मीटर पडेल. मार्चमध्ये दहावीची परीक्षा असते, पण सातवी-आठवी मोकळी असते. तेवढं रंगपंचमी आणि पाडव्याच्या सुट्ट्या बघून घेऊ.

पहिली गोष्ट, घड्याळाचे बारा विसरायचे. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं आणि नाशिक पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास आहे. त्यामुळे २० मार्चला इथे सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तो १२ वाजून ४२ मिनिटांच्या सुमारास. तुमच्याकडे साधारण १२ वाजून ८ मिनिटांनी (उन्हाळी वेळ तेव्हा सुरू झालेली नसते). आमच्या मुलांनी बाराच्या ठोक्याला मोजलं तर सूर्याचा कोन २० ऐवजी साडेबावीस अंश येईल आणि परीघ त्रेचाळीस हजार किलोमीटरच्या वर जाईल. म्हणून १२.२० ते १.०५, दर पाच मिनिटांनी सावली किती लांब पडते याची खूण करायची आणि सगळ्यांत कमी अंतर घ्यायचं. त्या सुमाराला अंतर फारसं बदलत नाही, त्यामुळे दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही.

दुसरी गोष्ट, काठी नको. सूर्याची चकती आकाशात अर्ध्या अंशाची दिसते, म्हणून काठीच्या टोकाची सावली पुसट पडते. मीटरभर काठीला इथे तो पुसट पट्टा एक सेंटिमीटरचा, तुमच्याकडे जवळजवळ अडीचचा. टोक नेमकं कुठे, यावर मुलं भांडत बसतात. त्याऐवजी पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या, मधे रुपयाच्या नाण्याएवढी खिडकी कापा, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल ताणून चिकटवा आणि फॉइलला ३ मिलिमीटरचं भोक पाडा. पुठ्ठा स्टुलाच्या कडेबाहेर आडवा धरला जाईल असा पक्का बसवा, भोक कागदापासून बरोबर १०० सेंटिमीटरवर. पुठ्ठ्याच्या सावलीत प्रकाशाचा लंबगोल ठिपका पडतो. दर वेळी त्याची कड पेन्सिलीने काढायची आणि मध्य धरायचा.

भोक थेट पुठ्ठ्याला पाडू नका. दोन मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यात तुमच्याकडची तिरपी किरणं भोकाच्या भिंतीलाच अडतात. अगदी बारीक पट्टी आत येते आणि तिचा मध्य सरकलेला असतो.

पायाचा बिंदू ओळंब्याने घ्यायचा: भोकातून दोरा सोडून खाली नट बांधायचा, स्थिर झाला की कागदावर खूण. वारा असेल तर आडोसा धरा. ओळंब्यामुळे स्टूल थोडं कललं तरी कोन चुकत नाही. फक्त खूण झाल्यावर स्टुलाला कुणाचा धक्का लागता कामा नये. मुलं ठिपका बघायला झुकतात आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. स्टुलाभोवती खडूचं रिंगण आखा, आत एकच जण. भोकातून वर सूर्याकडे कुणीही बघायचं नाही, हे आधी दोनदा सांगा.

नाशिकला ठिपका पायापासून सुमारे ३६.४ सेंटिमीटरवर येईल, लंडनला १२५.७ वर. हे आकडे मुलांना आधी सांगू नका.

---

लंडनहून, एक जुने सभासद, स्थापत्य अभियंता

मॅडम, फार छान. दोन भर घालतो.

कागद कशावर ठेवताय? शाळेच्या गच्चीला पावसाचं पाणी जायला मुद्दाम उतार दिलेला असतो. नाशिकला एक अंश उताराने कोन फार तर अंशाच्या आठव्या भागाने बदलेल. आमच्याकडे सव्वा मीटर लांब जायचं असल्याने तोच उतार अर्ध्या अंशाहून जास्त खातो. म्हणून लंडनला प्लायवूडची फळी आणि गवंड्याची लेव्हल हवीच, फळीखाली पुठ्ठ्याच्या पाचरी. नाशिकचं उलटं: तिथे ठिपका एक सेंटिमीटर चुकला तर अर्धा अंश जातो, आमच्याकडे पाव अंशाहूनही कमी. थोडक्यात, तुम्ही खूण सांभाळा, आम्ही पातळी सांभाळतो.

आता अंतर. इथे चांगली मोठी माणसंही फसतात. नाशिक-लंडन विमानाच्या वाटेचं अंतर साधारण ७,२०० किलोमीटर आहे. ते घातलं तर परीघ ८० हजारांच्या वर जातो. आपल्याला हवं ते फक्त दक्षिणोत्तर अंतर. लंडनहून सरळ खाली बोट नेत २० अंशांच्या रेषेवर थांबलं की ते मालीच्या वाळवंटात पडतं. लंडन ते ती जागा सुमारे ३,५०० किलोमीटर. नाशिक पूर्वेला कितीही लांब असलं तरी मध्यान्ह ज्याची त्याची धरल्यामुळे पूर्व-पश्चिम आपोआप बाद होते. ३,५०० ला साडेएकतीसने भागून ३६० ने गुणलं की ४०,००० येतात.

यावर एखादी चुणचुणीत मुलगी विचारेलच, की नकाशावरचे ३,५०० कुणी मोजले? तो प्रश्न टाळू नका. जमीन साखळ्यांनी आणि त्रिकोणांनी मोजावी लागली, आणि त्यातलं एक मोठं काम भारतात झालं: विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज सर्वेक्षकाने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा (सगळ्या त्रिकोणांचा आधार असलेली पहिली रेषा) मोजून सुरुवात केली आणि त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने ते काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. मुलं आपल्या प्रयोगात कोन स्वतः मोजतात, अंतर उसनं घेतात. वहीत तसंच लिहावं.

---

नाशिकहून, विज्ञान शिक्षिका

दादा, उताराचं मनापासून पटलं. इथेही फळी वापरू.

त्रिकोणमिती सातवी-आठवीला नसते, म्हणून कोन चित्रातून काढू: निम्म्या मापाचा काटकोन त्रिकोण मोठ्या कागदावर, ५० सेंटिमीटर उभी बाजू, आणि फळ्यावरचा मोठा कोनमापक. कंपासपेटीतला छोटा चालणार नाही, त्यावर अर्धा अंश वाचताना मुलं अंदाज मारतात.

ढग आले तर? तुमच्याकडे ती शक्यता मोठी. १८ ते २४ रोज दोन्हीकडे मोजू, पण जोडी लावायची ती एकाच तारखेची. या आठवड्यात सूर्य रोज ०.४ अंश उत्तरेला सरकतो, वर्षातला हा सर्वांत जास्त वेग. आमचा १८ चा आकडा आणि तुमचा २२ चा एकत्र केला तर दीड अंशाहून जास्त फरक त्यातच पडेल. दोन्ही मध्यान्हींत पाच तासांचं अंतर आहे, त्याने मात्र दशांशही हलत नाही.

तालुका आणि जिल्हा विज्ञान प्रदर्शनं बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात, म्हणजे मार्चचा प्रयोग पुढच्या इयत्तेत मांडला जाईल. तेव्हा परीक्षक उत्तरापेक्षा ‘चूक किती आणि कुठून आली’ हे विचारतात. त्यासाठी मूळ कागद, ठिपक्यांच्या खुणांसकट, जपून ठेवायचा. सुवाच्य नक्कल करून मूळ टाकून देणं ही आपल्या शाळांची वाईट सवय आहे.

प्रयोगपेट्यांच्या पैशांतून बसगाडीची सोय झाली तर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास मुलांना नारायणगावजवळ खोडदला नेऊ: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली रेडिओ दुर्बीण, नाशिक-पुणे रस्त्याला लागूनच्या भागात. तिथे मोबाइल बंद ठेवायचे. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की फोनच्या लहरींत बुडून जातात.

ताई, तुमच्याकडचे सगळे आकडे त्याच संध्याकाळी पाठवा: वेळ, पायापासून अंतर, आभाळ कसं होतं. गोल करू नका, आणि विचित्र वाटणारा आकडा गाळू नका.