ओल्या वाळूत डिटेक्टर सतत का वाजतो

पहिल्याच फेरीत समुद्रकिनाऱ्यावरच्या ओल्या वाळूवर मेटल डिटेक्टर अखंड वाजत राहिला आणि हाती फक्त बाटल्यांची झाकणे व डब्यांच्या कड्या लागल्या, म्हणून यंत्र सदोष असावे, असे आपण लिहिले आहे. मला तसे वाटत नाही. खारे पाणी विजेचे वाहक असल्याने एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या साध्या यंत्राला ओली वाळूच धातूसारखी भासते. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनक्षमता, थोडी कमी करावी, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा संकेत वगळण्याची जुळवणी, त्या ओल्या वाळूवरच पुन्हा करून घ्यावा आणि तरीही आवाज थांबला नाही, तर भरतीच्या खुणेच्या वरची कोरडी वाळू धरावी. लोक बसतात, टॉवेल झटकतात ते तिथेच.

कड्यांबद्दल मात्र निराश होऊ नये. ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची बारीक अंगठी यांचे संकेत इतके जवळचे असतात, की कडी टाळण्यासाठी डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नकोशा धातूंचे संकेत गाळण्याची सोय, वाढवले तर अंगठीही निसटते. म्हणून सुरुवातीला तरी प्रत्येक आवाज खणून पाहावा, असे माझे ठाम मत आहे. माझी पहिली अंगठी अशाच नकोशा वाटलेल्या आवाजाखाली होती: चाळणी हलवली, वाळू गळून गेली आणि शिंपल्याच्या तुकड्याला टेकलेले चांदीचे काळवंडलेले वळे तेवढे उरले.

खड्डे लगेच बुजवावेत, कारण त्यांत धावणाऱ्या मुलांचे पाय मुरगळतात. घरी आल्यावर कॉइल, म्हणजे वाळूवरून फिरवायची तबकडी, गोड्या पाण्याने धुवावी. कंट्रोल बॉक्स, म्हणजे बटणांची पेटी, जलरोधक नसेल तर तो ओलसर फडक्यानेच पुसावा.