प्रति: पलीकडे नेलं की चिन्ह का बदलतं?

वरच्या प्रतिसादात म्हटलंय की संख्या बरोबरच्या चिन्हाच्या 'पलीकडे नेली की तिचं चिन्ह बदलतं' एवढं पाठ करून घेतलं की मुलांची समीकरणं सुटतात. मला हे अजिबात पटत नाही.

मी फोंड्याला घरी शिकवण्या घेते. गेल्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलीने ३क्ष = १२ चं उत्तर ९ काढलं. विचारलं तर म्हणाली, "टीचर, तीन पलीकडे नेले, वजा झाले." बिचारीने नियम चोख पाळला होता!

मग वही बाजूला ठेवली. म्हटलं, म्हापशाच्या बाजारातला तराजू डोळ्यांपुढे आण. एका पारड्यात उकड्या तांदळाच्या प्रत्येकी क्ष किलोच्या सारख्या तीन पिशव्या आणि २ किलोचं वजन, दुसऱ्यात १४ किलो. दोन्हींकडून २ किलो उचल. राहिले ३क्ष = १२. आता? ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तीन वाटे करायचे." क्ष = ४. उत्तर मूळ समीकरणात घालून ताळाही तिनेच पाहिला.

हीच सवय पुढे वर्गसमीकरणात कामी येते. जुन्या काळचे भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची रीत पाहा: २क्ष² + ५क्ष = ३ च्या दोन्ही बाजूंना ८ ने (क्ष² पुढच्या २ च्या चौपटीने) गुणा, २५ (क्ष पुढच्या ५ चा वर्ग) मिळवा, की (४क्ष + ५)² = ४९. म्हणजे ४क्ष + ५ हे ७ किंवा −७, आणि क्ष = १/२ किंवा −३. अपूर्णांक येतो तो थेट शेवटी. इथे पलीकडे काहीच न्यावं लागलं नाही, दोन्ही पारड्यांत तेच केलं. दहावीच्या मुलांना सूत्र देण्याआधी हे एकदा तरी करून दाखवाच.