मीटरच्या डायल स्वतः बदलायच्या आहेत, काटे कसे काढायचे?

प्रश्न: गाडीच्या मीटरच्या डायल फिक्या पडल्यात, नवीन पांढऱ्या मागवल्यात. क्लस्टर (मीटरचा अख्खा डबा) बाहेर काढता येईल, पण काटे काढताना काटा फिरवणारी मोटर खराब होईल का? आणि परत लावल्यावर स्पीड बरोबर दाखवेल ना?

उत्तर १: आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि थोडा वेळ थांबा, एअरबॅग तिथेच जवळ असते. काटा काढायच्या आधी तो बंद असताना नेमका कुठे टेकतो ते मास्किंग टेपवर मार्क करा किंवा सरळ समोरून फोटो काढा, मग दोन्ही बाजूंनी दोन चमचे खाली सरकवून, खाली कापड ठेवून, सरळ वर उचला. गोल फिरवून ओढू नका प्लीज, आतले गिअर फार नाजूक असतात!

उत्तर २: काही डायलना काट्यासाठी चीर असते, म्हणजे काटा काढावाच लागत नाही, ते आधी बघून घ्या. आणि काच लावायच्या आधी दिवे लावून बघा, मागून उजेड नीट येतो का.

उत्तर ३: स्टेपर मोटर (काटा टप्प्याटप्प्याने फिरवणारी छोटी इलेक्ट्रिक मोटर) असेल तर इग्निशन ऑन करून मोटर शून्यावर येऊ द्या, मगच काटा बसवा, पार खाली दाबू नका नाहीतर डायलला घासतो. नंतर मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या स्पीडला जीपीएसशी ताळा करा, शेजारी बसलेल्याला बघायला सांगा. कंपनीचा मीटर खऱ्या स्पीडपेक्षा जरासा जास्तच दाखवतो, तेवढा फरक चालतो, पण कमी दाखवत असेल तर काटा परत काढून नीट लावाच.

प्रश्नकर्ता: माझ्या डायलना चीर नाहीये, म्हणजे काटे काढावेच लागणार. टेप लावून करतो, धन्यवाद सगळ्यांना.